आकाशातील काजळी



आकाशगंगेच्या पट्ट्यात जे काळे डाग दिसतात, ती धूळ आहे. मागील ताऱ्यांना झाकणारी अडगळ, एवढीच तिची किंमत ज्योतिर्विद पुष्कळ काळ करीत आले. ही अडगळ नसती तर आपण कोणीच नसतो, हे आज आम्हांला सांगावयाचे आहे.

ही धूळ येते कोठून? पुष्कळशी म्हाताऱ्या ताऱ्यांपासून. सूर्यासारख्या ताऱ्याच्या गाभ्यातील हायड्रोजन सरला की तारा फुगतो आणि तांबडा होतो. तिमिंगल तारकासमूहातील 'मीरा' असाच आहे. डेव्हिड फॅब्रिसियसने १५९६ साली त्याचे तेज बदलताना पाहिले. सुमारे ३३२ दिवसांत तो एकदा उजळतो आणि पुन्हा इतका मंदावतो की, नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही.

अशा ताऱ्याचे बाहेरचे थर लोहाराच्या भात्यासारखे फुगतात व आकसतात. वर फेकलेला वायू निवतो, आणि त्यातील अणू एकमेकांना बिलगून बारीक कण तयार होतात. ताऱ्यात ऑक्सिजन अधिक असेल तर कण वाळूच्या जातीचे, कार्बन अधिक असेल तर काजळीचे. ताऱ्याचा प्रकाश या कणांना बाहेर ढकलतो, आणि कण वायूलाही आपल्याबरोबर ओढून नेतात. सूर्याएवढा तारा शेवटी आपले जवळजवळ निम्मे वस्तुमान असे देऊन टाकतो.

याला पुरावा काय, असे आपण विचाराल. १९५२ साली पॉल मेरिल यांना काही तांबड्या ताऱ्यांच्या प्रकाशात टेक्निशियम हे मूलद्रव्य आढळले. त्याचा सर्वांत टिकाऊ प्रकारही सुमारे ४२ लाख वर्षांत निम्मा उरतो. तारे तर त्याहून कितीतरी जुने. तेव्हा ते त्या ताऱ्यांनीच आपल्या पोटात घडविले असले पाहिजे. दुसरा पुरावा हातात धरण्याजोगा आहे. २८ सप्टेंबर १९६९ रोजी ऑस्ट्रेलियातील मर्चिसन गावी एक उल्का पडली. तिच्यात सिलिकॉन कार्बाइडचे सूक्ष्म कण सापडले. त्यांपैकी बहुतेक कार्बनयुक्त म्हाताऱ्या ताऱ्यांचे, आणि सूर्य जन्मण्यापूर्वीचे आहेत!

सगळी धूळ अशीच होते असे मात्र नव्हे. स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांचाही तीत वाटा आहे. तो किती, याविषयी शास्त्रज्ञांत अजून वाद आहे.

ही धूळ अवकाशात निरुद्योगी पडून राहत नाही. तिच्या कणांवर हायड्रोजनच्या अणूंची गाठ पडून रेणू बनतात. तिच्या सावलीत मेघ थंड राहतात, आकसतात, आणि नवे तारे जन्मतात. उरलेले कण कणाला चिकटून ग्रह होतात. आपली पृथ्वी अशीच घडली.

सुमारे ५०० कोटी वर्षांनी सूर्यही म्हातारा होईल, आणि त्याला जे मिळाले होते ते पुढच्यांच्या हाती ठेवून जाईल. घेतलेल्यात भर घालून परत करणे, ही रीत माणसाच्या आधीपासून आकाशात चालत आली आहे.