पहिल्या क्रमांकाचा कारभारी

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

संगणकाचे बटण दाबले की पडद्यावर चित्र उमटेपर्यंत थोडा वेळ जातो. तेवढ्या वेळात आत काय चालते आणि त्यावरून जगभरचे जाणकार वर्षानुवर्षे का भांडले, ते आज पाहू. उदाहरण घेऊ डेबियनचे. ही मुक्तस्रोत लिनक्स प्रणाली इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केली. तिच्यामागे कंपनी नाही. देशोदेशीचे स्वयंसेवक ती चालवतात. आपल्या सी-डॅकची 'बॉस' ही प्रणालीही डेबियनवरच उभी आहे.

लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, प्रथम जागा होतो. तो स्वतः एकच आज्ञावली सुरू करतो. तिचा क्रमांक एक. पुढचा सगळा संसार तिने मांडायचा: डिस्क जोडणे, नेटवर्क सुरू करणे, छपाईची सोय लावणे. जुन्या पद्धतीत ही कामे ठरलेल्या क्रमाने, एकामागून एक होत. पंगतीत एकच वाढपी असावा, तसे. पहिल्या पानावर भात पडला तरी शेवटचे पान रिकामेच. शिवाय एखादी सेवा मध्येच बंद पडली, तर तिची दखल घेणारेही सहसा कोणी नसे.

२०१० मध्ये लेनार्ट पोएटरिंग आणि के सीव्हर्स यांनी 'सिस्टमडी' आणली. ती अनेक सेवा एकाच वेळी सुरू करते, पडलेली सेवा सांगितल्यास पुन्हा उभी करते. कोणती सेवा कोणानंतर सुरू व्हावी, हे एका छोट्या फाइलीत लिहिले की झाले. मग विरोध कशाला? युनिक्सची शिकवण अशी, की प्रत्येक अवजाराने एकच काम करावे, पण नेटके करावे. सिस्टमडीने मात्र नोंदवह्या, लॉगिन अशी एकेक खाती आपल्याकडे घेतली. कारभारी घरमालक होऊ पाहतो आहे, असे अनेकांना वाटले.

हा वाद डेबियनमध्ये पेटला, कारण तिथे हजारो पॅकेजे सांभाळावी लागतात. पॅकेज म्हणजे नुसती आज्ञावली नव्हे. तिला आणखी काय काय लागते याची यादी, ती बसवण्याच्या सूचना आणि सेवा असेल तर ती सुरू करण्याची रीत, हे सारे त्यात बांधलेले असते. पहिला कारभारी बदलला, की अशा सगळ्या सेवांची रीत बदलणार. फेब्रुवारी २०१४ मध्ये डेबियनच्या तांत्रिक समितीत मते समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडी आली. नाराजांनी त्याच वर्षी 'देवुआन' नावाची वेगळी चूल मांडली. आज बहुतेक प्रमुख लिनक्स प्रणाली सिस्टमडीवरच सुरू होतात.

एवढ्यावर गोष्ट संपली असती. पण २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने एक धक्कादायक बाब उघड केली. डेबियनच्या अस्थिर (अनस्टेबल) आवृत्तीवर, दूरच्या संगणकात शिरण्यासाठी वापरली जाणारी 'एसएसएच' सेवा सुमारे अर्धा सेकंद उशीर करत होती. खोदत गेल्यावर 'एक्सझेड' या फाइली आवळून लहान करणाऱ्या साधनात चोरवाट सापडली. 'जिया टॅन' असे नाव लावणाऱ्या कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ इमानेइतबारे काम करून विश्वास कमावला होता आणि मग घात केला.

आता यातली मेख पाहा. एसएसएचला एक्सझेडची गरजच नाही. पण 'मी तयार आहे' एवढा निरोप सिस्टमडीला देता यावा, म्हणून डेबियनसह काही प्रणालींनी तिला सिस्टमडीची लायब्ररी जोडली होती आणि त्या लायब्ररीच्या पाठोपाठ एक्सझेड घरात आले. एका ओळीच्या निरोपासाठी अख्खे वऱ्हाड! पुढे जुलै २०२४ मध्ये एसएसएचकर्त्यांनी हाच निरोप त्या लायब्ररीवाचून देण्याची सोय केली.

दोष एकट्या सिस्टमडीचा नव्हे. एक्सझेडसारखे साधन असंख्य संगणकांवर होते, पण ते मुख्यतः एकच माणूस, फावल्या वेळात सांभाळत होता. मदतीला आलेल्या हाताची पारख करायला त्याच्या जोडीला कोणी नव्हते. चोरवाट सर्वसामान्यांच्या स्थिर आवृत्तीपर्यंत पोचण्याआधी पकडली गेली. कारण आज्ञावली खुली होती आणि अर्ध्या सेकंदाचा उशीरही एकाला खटकला.

तेव्हा आपण काय करावे? आज्ञावली प्रणालीच्या अधिकृत भांडारातूनच घ्यावी, सुधारणा वेळेवर बसवाव्यात. आणि ज्या संस्था या फुकट मिळणाऱ्या साधनांवर आपला कारभार चालवतात, त्यांनी ती सांभाळणाऱ्यांना पैशाचे आणि मनुष्यबळाचे पाठबळ द्यावे. वस्तू फुकट मिळाली, तरी तिची राखण फुकट होत नाही.