हायब्रिडमध्ये इंजिन चाकांना जोडलंय कुठं?

सांगलीच्या मामांना जुनी हायब्रिड घ्यायचीय. म्हणून साताऱ्याहून मित्राच्या इनोव्हा हायक्रॉसमधून त्यांना कासला नेलं. यवतेश्वर घाटात इंजिनचा आवाज वाढला, वेग मात्र तेवढाच. मामा म्हणाले, "क्लच घसरतोय बघ."

म्हटलं, "मामा, यात तसा क्लचच नाही!"

टोयोटाच्या या पद्धतीत प्लॅनेटरी गिअर असतो. मधल्या चक्राला जनरेटर, त्याभोवती फिरणाऱ्या छोट्या चक्रांच्या सांगाड्याला इंजिन, आणि बाहेरच्या कड्यातून ताकद गाडीच्या चाकांकडे. तिथं दुसरी मोटरही जोर लावते. जनरेटरचा वेग बदलला की गाडी त्याच वेगात असतानाही इंजिन जोरात फिरू शकतं. म्हणून तो आवाज.

मामांचा पुढचा प्रश्न, "मग मोठी बॅटरी गेली तरी पेट्रोलवर घरी पोचू ना?"

इथंच बरेच जण फसतात. उसाच्या रानात ट्रॅक्टरचं एक चाक चिखलात गरागरा फिरतं, तेव्हा दुसरं ओढतं का? नाही. तसंच हे. जनरेटरनं अडवून धरलं नाही, तर इंजिनची ताकद चाकांपर्यंत जातच नाही. शिवाय इंजिन सुरू करतो तोही हाच जनरेटर.

होंडा सिटी हायब्रिडची तऱ्हा वेगळी. एरवी मोटर ओढते. हायवेच्या वेगाला क्लच इंजिन थेट चाकांना जोडतो.

तेव्हा जुनी हायब्रिड बघताना नुसतं इंजिन ऐकू नका. आधी बॅटरीची तपासणी करा, वॉरंटी किती उरलीय ते विचारा. मामांनी तेच केलं. भेटू पुढच्या भागात!