मिरजनगरीत आपलं स्वागत





१८०५ साली तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरं कोरून भगवद्गीता छापली, ती याच मिरजेत. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ पासून इथल्याच मीरासाहेबांच्या दर्ग्यात विसावले आहेत. पण आज मला आठवण काढायची आहे ती फरीदसाहेबांची. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातला हा माणूस. एकोणिसाव्या शतकात तो तंतुवाद्यं घडवू लागला आणि मिरजेचं नाव देशभर झालं. २०२४ मध्ये आमच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी फरीदसाहेबांचं नाव गावातही फार थोड्यांच्या ओठी आहे, याची खंत वाटते.

परवा सतारमेकर गल्लीत बसलो होतो. एक बुजुर्ग कारागीर घोडीवर अलगद कानस फिरवत, तार छेडत, कान देत, पुन्हा कानस हातात घेत. तासाभराने जवारी, म्हणजे तारेचा गुंजारव, खुलली.

त्याच रात्री पुतणीने लॅपटॉपवर स्विफ्टयूआय या ॲप बनवायच्या साधनात केलेलं काम दाखवलं. डावीकडे विभाग, मध्ये यादी, उजवीकडे तपशील. विभाग बदलला की पुढचे दोन्ही भाग आपोआप बदलत. ती म्हणाली, "काका, प्रत्येक भागाला वेगळं सांगावं लागत नाही. कोणती माहिती असताना काय दिसावं, ते आधी लिहायचं. निवड मात्र एकाच जागी ठेवायची. दोन जागी ठेवली की भागांचा मेळ तुटतो." मला सतारीच्या मुख्य तारांखालच्या तारा, म्हणजे तरफा, आठवल्या. त्यांना कुणी छेडत नाही. आधी सुरात लावलेल्या असतात, म्हणून वर तो सूर वाजला की आपसूक गुंजतात.

मंडळी, गाव लहान, तयारीला दिवस थोडे. काही प्रतिनिधींची सोय सांगलीत करावी लागली. येण्याजाण्याचा त्रास होईल, त्याबद्दल क्षमा असावी. मागच्या रांगांतून पडद्यावरची बारीक अक्षरं दिसत नाहीत, हे काल रात्री ध्यानात आलं. दुपारपर्यंत दुसरा पडदा लागेल. वीज गेली तर जनरेटर तयार आहे. जेवणात, पाण्यात काही उणं पडलं तर स्वयंसेवकांना हक्काने सांगा.

सभागृह विनामूल्य देणारे विश्वस्त, धान्य देणारे व्यापारी बंधू, मांडववाले, आपल्या घरांत पाहुण्यांना जागा देणारी कुटुंबं आणि पहाटेपासून राबणारी कॉलेजची मुलं, सर्वांचा मी ऋणी आहे.

संध्याकाळी सतारमेकर गल्लीत जरूर या. कारागिरांनी दुकानं उशिरापर्यंत उघडी ठेवायचं कबूल केलं आहे. तरफा कशा लावतात ते जवळून पाहा, मगच मिरज सोडा.