वाढ पाहावी, तसा कारभारीही पाहावा

बोईसर-तारापूरच्या कारखान्यात पाळीवर जाणारा कामगार असो, की पालघरकडचा शिक्षक असो, पगारातले चार पैसे हल्ली संगणक-कंपनीच्या शेअरमध्ये घालू लागला आहे. भाव तो रोज पाहतो. कारभारी कसा आहे, हे मात्र क्वचितच विचारतो.

१९८१ साली पुण्यात निघालेल्या इन्फोसिसने १९९३ मध्ये ९५ रुपयांना शेअर विकले. ज्यांनी ते जपले, त्यांचे कल्याण झाले. पण त्याच धंद्यातली हैदराबादची सत्यम पाहा. विक्री वाढत होती, नफा वाढत होता. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्षांनीच कबूल केले, की ताळेबंदातली पाच हजार कोटींहून अधिक शिल्लक मुळात नाहीच! एका दिवसात भाव पाऊणपटीहून जास्त कोसळला.

तुम्ही म्हणाल, हिशेबच खोटे, तर आम्हांला कळावे कसे? ताळेबंदावरून कळले नसतेच. त्यावर लेखापरीक्षकांच्या सह्या होत्या. पण वागणूक उघड होती. प्रवर्तकांचा स्वतःचा हिस्सा वर्षानुवर्षे घटत आला होता. डिसेंबर २००८ मध्ये तर कंपनीचा पैसा अध्यक्षांच्याच कुटुंबाच्या कंपन्या विकत घेण्यात घालायचा घाट घातला गेला. भागधारकांनी ओरड केली, तेव्हा तो बेत रद्द झाला.

म्हणून वार्षिक अहवाल हाती आला, की तीन प्रश्न विचारा. मालकांचा हिस्सा घटतो आहे काय? त्यांचे शेअर गहाण आहेत काय? कंपनीचा पैसा सोयऱ्याधायऱ्यांकडे वळतो काय? उत्तर मनाला पटले नाही, तर वाढीचा आकडा कितीही मोठा असो, हात आखडता घ्यावा. घोलवडचा बागायतदार चिकूचे कलम घेताना आधी खुंट पाहतो, तो काही उगीच नव्हे.