शाळेतील संगणक व आपले कर्तव्य



ज्या आंबवड्यात कान्होजी जेधे व जिवा महाला यांच्या समाधी आहेत, तेथे आम्ही संगणकाविषयी बोलावे, याचे कोणास नवल वाटेल. परंतु त्या वीरांनी काळाची हाक ओळखली, हेच त्यांचे मोठेपण होय.

केंद्र सरकारने १९८४ साली ‘क्लास’ प्रकल्पाद्वारे शाळांत संगणक आणण्यास आरंभ केला. डिसेंबर २००४ मध्ये माध्यमिक शाळांसाठी नवी योजना निघाली व २०१८ साली ती ‘समग्र शिक्षे’त सामील झाली. सरकार यंत्र देईल. त्यावरील धूळ कोणी पुसावी? शिक्षक बदलून गेले की खोलीस कुलूप लागते, हे आम्ही पाहिले आहे. २०२० च्या टाळेबंदीत कित्येक घरांतील एकुलता मोबाईल मुलाच्या हाती गेला आणि मुलगी मागे राहिली, हेही पाहिले आहे.

म्हणून आमची नम्र विनंती अशी की, मंडळाच्या निधीतून नवी यंत्रे न घेता आहेत त्यांची दुरुस्ती करून द्यावी. शिकलेल्या तरुणांनी शनिवारचे दोन तास शाळेस द्यावेत. आणि यंत्रापुढे कन्येस प्रथम बसवावे. आपला झुलता पूल पैलतीरी नेतो खरा, पण पावले आपणांसच टाकावी लागतात.