मराठी नाव स्वीकारणारा फॉर्म



समोर वेबसाइट बांधणारे आणि ते काम शिकणारे बरेच तरुण दिसताहेत, म्हणून आज एवढंच विचारतो: आपण लिहिलेला कोड मराठी मजकूर नीट सांभाळतो का? शाळाप्रवेशाचा अर्ज, पतपेढीची सभासद यादी, ग्रामपंचायतीचा दाखला ही कामं आता वेबवर होतात. तिथं ‘ज्ञानेश्वर’ लिहिल्यावर ‘नाव अवैध आहे’ असा लाल शेरा उमटत असेल, तर तो त्या माणसावर अन्याय आहे. आणि तो दूर करायची साधनं आपल्याला फुकट मिळालेली आहेत.

हा शेरा येतो कुठून? नाव तपासणाऱ्या रेजेक्समधून. जावास्क्रिप्टमध्ये ‘शब्दातलं अक्षर’ म्हणून जी खूण वापरतात, ती फक्त इंग्रजी अक्षरं, इंग्रजी अंक आणि अधोरेषा ओळखते. २०१८पासून त्याच भाषेत युनिकोडच्या गुणधर्मांवरून अक्षर ओळखायची सोय आहे. मात्र ‘लेटर’ एवढाच गट मान्य केला तर काम अर्धवट राहतं. काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे युनिकोडच्या हिशेबात ‘मार्क’ आहेत. दोन्ही गट घ्या.

पुढचा घोटाळा लांबीचा. ‘स्त्री’ आपल्याला एक अक्षर दिसतं. जावास्क्रिप्टला लांबी विचारा, उत्तर येतं ६: स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी. यूटीएफ-८मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणून पीएचपीचं साधं ‘एसटीआरलेन’ १८ सांगतं. ही तिन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत. चूक होते ती मजकूर कापताना. बातमीचा मथळा मोबाइलवर बसावा म्हणून चिन्हं मोजून कापला की शब्द हलन्तावर लटकतो, आणि बाइट मोजून कापला की शेवटी प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन येतो. यासाठी ‘इंटल सेगमेंटर’ वापरा. डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांच्या सीमा तो शोधून देतो. क्रोममध्ये तो २०२०पासून आहे, फायरफॉक्समध्ये २०२४ साली आला. एक सावधगिरी हवी: जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम युनिकोडमध्ये १५.१ या आवृत्तीत, २०२३ साली आला. त्यामुळे जुना ब्राउझर ‘स्त्री’चे ३ तुकडे करील आणि नवा एकच अक्षर मानील. आकड्यावर विसंबून डेटाबेसचा रकाना आखू नका; तो ऐसपैस ठेवा.

आता ज्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं ते सांगतो. कऱ्हाडला राहणाऱ्या माणसानं शोधपेटीत आपल्या गावाचं नाव टाइप केलं आणि ‘काहीही सापडलं नाही’ असं उत्तर आलं, तर कोड तपासताना कुणालाच चूक दिसणार नाही. दोन्हीकडे शब्द डोळ्यांना सारखाच आहे. पण त्यातला अर्धा ऱ तीन तऱ्हांनी साठवलेला असू शकतो: ऱ हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त; साधा र, नुक्ता आणि हलन्त; किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. पहिल्या दोन तऱ्हा ‘नॉर्मलाइझ’ला ‘एनएफसी’ सांगितलं की एक होतात. तिसरी होत नाही. तिचं रूपांतर आपणच लिहावं लागतं. आणि ‘अदृश्य चिन्हं साफ करा’ म्हणून कुणी तो जॉइनर पुसून टाकला, तर गावाचं नाव थेट ‘कर्हाड’ होऊन बसतं. सुरक्षिततेच्या नावाखाली केलेली ही सफाई मला अक्षम्य वाटते, कारण बिघडलेला डेटा पुन्हा मूळपदावर आणायला माणसं बसवावी लागतात.

ॲ या अक्षराचीही अशीच कथा. त्याला स्वतःची जागा युनिकोड ५.१मध्ये, २००८ साली मिळाली. त्याआधी लोक अ वर चंद्र देत, अजूनही देतात, आणि या दोन रूपांना एनएफसी एक मानत नाही. शिवाय ही जागा ह च्या पुढं आहे. म्हणून साधा ‘सॉर्ट’ लावलेल्या यादीत ॲनी ही हेमंतच्या खाली जाते आणि ळ लगेच ल च्या नंतर येतो. मराठी क्रम हवा तर ‘इंटल कोलेटर’ला ‘एमआर’ सांगा.

अंकांचं थोडक्यात. ‘एमआर-आयएन’ दिलं की ‘नंबरफॉरमॅट’ १२,३४,५६७ असे लाख-कोटींचे स्वल्पविराम देतो. उलट दिशेनं मात्र जावास्क्रिप्ट ‘१२’ला संख्या मानत नाही, पायथन मानतो. पानाच्या मुळाशी भाषा ‘एमआर’ लिहा. स्क्रीन रीडरला मराठी आवाज निवडायला तीच खूण लागते. आणि मथळ्यांना ‘लेटर-स्पेसिंग’ देऊ नका, शिरोरेघ तुटते.

हे सगळं गिऱ्हाइकाची तक्रार आल्यावर करायचं काम नाही. उद्या सकाळी आपल्या प्रकल्पाच्या चाचण्या उघडा. तिथं ‘टेस्ट युजर’ बसला असेल, त्याच्या शेजारी कऱ्हाडची ज्ञानेश्वरी, ॲनी आणि १२,३४,५६७ रुपयांची शिल्लक घाला. नाव नोंदवा, शोधा, कापा, क्रम लावा, आणि जिथं चाचणी लाल होईल तिथून कामाला लागा.