काळा घोडा आणि वडाची सावली



ज्यांच्या पुण्यस्मरणार्थ आपण आज येथे जमलो आहोत, त्यांनी या शाळेत आयुष्य वेचले. त्यांच्या स्मृतीला वंदन करून आपल्या शहरातील दोन स्मारकांविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा घेतो.

सयाजीबागेच्या प्रवेशद्वाराजवळ महाराज सयाजीराव गायकवाडांचा अश्वारूढ पुतळा आहे. महाराजांच्या राज्यकारभाराच्या रौप्यमहोत्सवानिमित्त प्रजाजनांच्या वर्गणीतून तो 1907 साली उभारला गेला. शिल्पकार फ्रान्सिस डर्वेंट वुड. बडोदेकर मात्र त्या चौकाला ‘काळा घोडा’ म्हणतात. बाळपणी माझ्याही तोंडी तेच नाव होते. घोड्यावर कोण बसले आहे, हे मी पुष्कळ उशिरा विचारले. ज्या राजाने 1893 साली अमरेलीत सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 साली तो सर्व संस्थानाला लागू केला, त्याचे नाव मागे पडून घोडा तेवढा लोकांच्या जिभेवर राहिला!

त्याच बागेशी दुसरी एक आठवण निगडित आहे. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर 1913 साली कोलंबिया विद्यापीठात गेले. परतल्यावर, 1917 मध्ये, करारानुसार ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. महालेखापालांच्या कचेरीत काम मिळाले, परंतु या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना जागा सोडावी लागली. दोन मित्रांकडे त्यांनी आश्रय मागितला, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापली अडचण सांगितली. तेव्हा मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत, म्हणजे याच सयाजीबागेत, बसून राहिले. ते जेथे वडाखाली बसले असे मानतात, त्या जागेला आज ‘संकल्पभूमी’ म्हणतात. दरवर्षी 23 सप्टेंबरला दूरदूरचे लोक तेथे माथा टेकवायला येतात.

एका बागेत ही दोन स्थळे असावीत, याचा अर्थ मी बराच काळ शोधीत होतो. पुतळा सांगतो की राजाने काय दिले. वडाची जागा सांगते की नगराने काय नाकारले. राजाच्या हुकुमाने शिष्यवृत्ती मिळाली, नोकरी मिळाली. शेजार मात्र मिळाला नाही, कारण तो देणे नागरिकांच्या हाती होते. ते नागरिक म्हणजे आपलेच पूर्वज. पहिल्या स्मारकाचा अभिमान बाळगायचा आणि दुसऱ्यापाशी मान फिरवायची, हे प्रामाणिकपणाचे नव्हे.

शिक्षकबंधूंना माझी विनंती आहे. मुलांची सहल बागेत न्याल तेव्हा प्राणिसंग्रहालय आणि वस्तुसंग्रहालय अवश्य दाखवा. पण ही दोन्ही ठिकाणे एकाच दिवशी, एकापाठोपाठ एक दाखवा. आणि मुलांना विचारा, ‘त्या संध्याकाळी त्याने तुमच्या घराची कडी वाजवली असती तर?’

या प्रश्नाचे उत्तर मुलांनी घरी जाऊन द्यायचे आहे. आपण वडीलधाऱ्यांनीही.